खाटेपासून रिक्षापर्यंत: जुनी विनालिफ्टची बिल्डिंग सगळ्या वयाच्या माणसांना राहण्याजोगी कशी करायची

आमची बिल्डिंग पंडित कॉलनीच्या बाजूला, तळमजला अधिक तीन, बारा फ्लॅट, १९८७ चं बांधकाम आणि लिफ्ट नाही. त्या काळात नाशकात अशा भरपूर बिल्डिंगा उभ्या राहिल्या, अशोक स्तंभाकडे, वकीलवाडीत, टिळकवाडीत, पंचवटी कारंजाच्या मागे, कुठे वाडा पाडून तर कुठे बंगला पाडून. उंची पंधरा मीटरच्या आत ठेवली की लिफ्टची सक्ती नव्हती, म्हणून बिल्डरनं तीनच मजले चढवले आणि घेणाऱ्यांनाही त्यात काही वाटलं नाही, कारण तेव्हा सगळे पस्तिशी-चाळिशीतले होते. आता तेच लोक पंचाहत्तरीला आलेत आणि वर अडकलेत. माझ्या सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अकरा महिन्यांत फक्त दोनदा खाली उतरल्या, दोन्ही वेळा प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी धरून, आणि दुसऱ्या वेळी लँडिंगवर वळताना खुर्ची कलली तेव्हा त्यांनी माझा हात जो धरला तो अजून विसरता येत नाही. त्यानंतर मी सोसायटीचं सेक्रेटरीपद घेतलं. तीन वर्षांत जे शिकले, जे चुकलं, ते सगळं इथे लिहितेय, कोणाच्या तरी बिल्डिंगला उपयोग होईल.

खडू घेऊन चाला

आर्किटेक्टला बोलवायच्या आधी, मीटिंग घ्यायच्या आधी हे करा. बिल्डिंगमधल्या ज्या माणसाला चालणं सगळ्यात अवघड जातं त्याच्या खाटेपासून निघायचं आणि गेटबाहेर रिक्षात बसेपर्यंत बरोबर चालायचं, हातात खडू ठेवायचा आणि जिथे जिथे ते माणूस थांबेल, भिंत धरेल, पाय चाचपडेल किंवा "जरा थांब गं" म्हणेल तिथे फुली मारायची. मग तेच दिवस भरलेल्या एखाद्या बाईबरोबर करा, चार वर्षांच्या पोराबरोबर करा, गॅसची टाकी खांद्यावरून आणणाऱ्या माणसाला विचारा तुला कुठे अडतं.

मी धरून चालले होते की आमचा प्रश्न म्हणजे चोपन्न पायऱ्या. पण सासूबाईंची पहिली फुली पडली ती आमच्याच बाथरूमच्या उंबऱ्यावर, दुसरी मेन दारात, मग लँडिंगवरच्या चपलांच्या स्टँडपाशी, आणि सगळ्यात शेवटच्या चार फुल्या तर जिना संपल्यावर, पोर्चच्या पायऱ्या ते गेट एवढ्याशा अंतरात. म्हणजे उद्या लिफ्ट बसली असती तरी त्या रिक्षापर्यंत पोचल्याच नसत्या. हे डोक्यात पक्कं ठेवा, मध्ये एक पायरी जरी उरली तरी व्हीलचेअरवाल्याच्या दृष्टीनं बाकीचा सगळा खर्च पाण्यात. फुल्यांचे फोटो काढा, मजल्याप्रमाणे लावा, हाच तुमचा कामाचा आराखडा.

आधी सांगाडा बघा

रॅम्प, लिफ्ट, कठडे हे सगळं नंतर. तीस वर्षांपेक्षा जुन्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे सांगाडा किती मजबूत उरलाय याची इंजिनिअरकडून तपासणी, महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार करावंच लागतं, आणि सोसायटीच्या आदर्श उपविधींतही, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांतही, आहे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर तीन वर्षांनी. बहुतेक ठिकाणी पावसाळ्याआधी नोटीस आली की धावपळ होते. तुम्ही आधीच करा, आणि नुसतं बघून लिहिलेलं दोन पानी पत्र घेऊ नका, काँक्रीटचा दणकटपणा बघणारी रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणी, सळईचा गंज तपासणारी हाफ सेल आणि गरज पडली तर काँक्रीटचा गोल तुकडा (कोअर) काढून तपासणी, असं काय काय केलं ते रिपोर्टमध्ये आकड्यांसकट पाहिजे.

इंजिनिअर यायच्या आधी स्वतः एक चक्कर मारा. कॉलमला उभी भेग, तीही सळईच्या ओळीत गेलेली, हे वाईट लक्षण, कारण आतलं लोखंड गंजून फुगतं आणि काँक्रीट फोडत बाहेर येतं. संडास-बाथरूमच्या खालच्या स्लॅबला पोपडे, गॅलरीच्या कडेला दिसणारी सळई, ड्रेनेजच्या पाइपामागची कायम ओली भिंत, सगळ्याची नोंद करा. आमच्याकडे काही वर्षांपूर्वी एका रंगकाम करणाऱ्यानं अशाच भेगांवर प्लास्टर मारून वर छान रंग दिला होता, आम्ही खूश, आणि ऑडिटच्या वेळी टोकरलं तर मागचा कॉलम हातानं सुटायला लागला. बरोबर पद्धत म्हणजे सुटलेलं काँक्रीट पूर्ण काढायचं, सळई घासून गंज काढायचा, गंजरोधक लावायचं, मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रो काँक्रीट, आणि जिथे सळईच खाल्ली गेलीय तिथे नवीन सळई टाकून जॅकेटिंग, म्हणजे कॉलमभोवती काँक्रीटचं नवं वेष्टण. आणि गळती आधी थांबवायची, नाहीतर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच.

ऑडिटवाला बिल्डिंग पाडाच म्हणाला तर मग लिफ्टवर एक रुपया घालू नका, रिडेव्हलपमेंटकडे जा. त्यासाठी ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे, ५१ टक्के सभासदांची संमती लागते, पण बिल्डरबरोबरच्या करारात शून्य पायरीचं प्रवेशद्वार, तीन फुटी दारं आणि व्हीलचेअर वळेल असं एक तरी बाथरूम हे शब्दात लिहून घ्या, तोंडी "होऊन जाईल ताई" वर जाऊ नका.

गेट ते लिफ्टचं दार

रॅम्पचा हिशोब साधा आहे आणि तरी दहापैकी नऊ ठिकाणी चुकीचा बांधलेला दिसतो. एक फूट उंचीला कमीत कमी बारा फूट लांबी. आमच्या पोर्चला सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या, म्हणजे दोन फूट उंची, म्हणजे चोवीस फूट रॅम्प. कॉन्ट्रॅक्टरनं आठ फुटांत बांधून दिला आणि म्हणाला स्कूटर चढते की आरामात! स्कूटरला इंजिन असतं हो. पहिल्याच दिवशी माझ्या नवऱ्यानं रिकामी व्हीलचेअर ढकलली तरी त्याला दम लागला आणि उतरताना ती हातातून ओढली गेली. तोडला, परत केला.

चोवीस फूट सरळ जागा नसेल तर साइड मार्जिनमधून, म्हणजे बिल्डिंग आणि कंपाउंडमधल्या मोकळ्या पट्ट्यातून, एल आकारात घ्या, वळणावर आणि वरती दाराजवळ पाच बाय पाच फुटांची सपाट जागा सोडा, कारण चाकाची खुर्ची उतारावर वळवता येत नाही आणि उतारावर थांबून कुलूप उघडता येत नाही. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा, कडेला चार इंचांची बुटकी कड म्हणजे चाक बाहेर जाणार नाही. वरचा थर घासलेला ग्रॅनाइट अजिबात नको, आपल्या पावसात तो काचेसारखा होतो, सिमेंटमध्ये आडव्या रेघा ओढा किंवा खरखरीत फरशी लावा. वाटेत पावसाच्या पाण्याची जाळी असेल तर तिच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या आणि बारीक ठेवा, नाहीतर काठीचं टोक आणि पुढचं छोटं चाक नेमकं तिथेच अडकतं. जागाच नसेल तर दोन-तीन फूट वर नेणारी प्लॅटफॉर्म लिफ्ट मिळते, तो शेवटचा पर्याय.

जिना

लिफ्ट आली तरी जिना लागतोच, लाइट गेल्यावर, आग लागली तर, आणि तरुण मंडळी जिन्यानंच जातात. कठडा दोन्ही बाजूंना, गोल पाइपाचा, मुठीत येईल एवढा, साधारण दीड इंच, आणि भिंतीपासून दोन इंच सुटा. मोठ्यांसाठी तीन फुटांवर आणि त्याच्याखाली लहान मुलांसाठी अजून एक. कठडा शेवटच्या पायरीपाशी तोडू नका, फूटभर पुढे न्या, कारण मोतीबिंदूवाल्या माणसाला हातानंच कळतं की पायऱ्या संपल्या. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी. दर लँडिंगवर भिंतीला घडीची बसायची फळी लावा, आमच्याकडे सगळ्यात जास्त कौतुक याच गोष्टीचं झालं आणि सगळ्यात कमी पैसे यालाच लागले. चपलांचे स्टँड, सायकली, कुंड्या मात्र लँडिंगवरून हलवा, यावर भांडणं होतील, होऊ द्या.

लिफ्ट

इथे जरा सविस्तर सांगते कारण इथेच लोक फसतात. आपल्या या जुन्या बिल्डिंगांचा जिना बहुतेक मध्ये वळणारा असतो, नऊ पायऱ्या वर, मधलं लँडिंग, उलटं वळून परत नऊ पायऱ्या, मग मजला. लिफ्टवाला येतो, बघतो, आणि सगळ्यात सोपी जागा दाखवतो, मधल्या लँडिंगची खिडकी. खिडकी काढायची, बाहेर लोखंडी टॉवर उभा करायचा, कोणाच्या फ्लॅटला हात लावायला नको. ऐकायला छान. पण ती लिफ्ट थांबते कुठे? दोन मजल्यांच्या मध्ये. म्हणजे तुम्हाला लिफ्टमधून उतरून नऊ पायऱ्या चढायच्याच किंवा उतरायच्याच. चोपन्नच्या नऊ झाल्या, काठीवाल्याला मोठा दिलासा, पण व्हीलचेअरला चोपन्न काय नि नऊ काय. आमच्या पहिल्या तिन्ही कोटेशनांत अशीच लिफ्ट होती आणि एकानंही स्वतःहून हे सांगितलं नव्हतं, मी ड्रॉइंगवर बोट ठेवून विचारलं तेव्हा "ताई, सगळीकडे असंच करतात" एवढंच.

लिफ्ट मजल्याच्या लेव्हललाच थांबली पाहिजे, त्यासाठी जागा शोधायला आर्किटेक्टला चार पैसे जास्त द्या. मजल्यावरच्या कॉमन पॅसेजची एखादी भिंत बाहेरच्या बाजूला येते का बघा. नसेल तर टॉवर जिन्याच्या बाजूला घेऊन तिथून पॅसेजपर्यंत चार फुटी लोखंडी गॅलरी काढता येते. तेही जमत नसेल तर एखाद्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीतून रस्ता, पण मग त्या घराला मोबदला द्यावा लागतो आणि त्या घराची लेखी संमती लागते. आमचं गॅलरीवर जमलं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या बेडरूमच्या खिडकीसमोरून गॅलरी जाणार होती, त्यांनी हरकत घेतली, आणि ती बरोबर होती, मग त्या बाजूला उजेड येईल पण आतलं दिसणार नाही अशी जाळी सोसायटीच्या खर्चानं लावून दिली.

टॉवरचा भार जुन्या कॉलमांवर टाकू देऊ नका. स्वतंत्र पाया, स्वतंत्र सांगाडा, आणि जुन्या बिल्डिंगशी कुठे कसं जोडायचं ते स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीनंच. खाली लिफ्टचा खड्डा चार-पाच फूट जातो, तो जुन्या कॉलमच्या पायाजवळ (फुटिंगजवळ) खणायचा म्हणजे पावसाळ्यात तर नकोच, आणि आपल्याकडे काही भागात काळी माती आहे जी पाण्यानं फुगते नि उन्हात आकसते, तिथे माती तपासून मगच. खड्ड्याचं वॉटरप्रूफिंग नीट करून घ्या.

केबिन आतून निदान ११० सेंटिमीटर रुंद आणि १४० खोल पाहिजे, म्हणजे व्हीलचेअर आणि मागे ढकलणारा माणूस दोघं मावतात. दार आपोआप सरकणारं घ्या, जुना जाळीचा दरवाजा स्वस्त पडतो पण म्हाताऱ्या हातानं ओढला जात नाही आणि पोरांची बोटं अडकतात. बटणं ९० ते १२० सेंटिमीटरच्या मध्ये, उठावाचे आकडे आणि ब्रेलसकट, मजला बोलून सांगणारा आवाज मराठीत. लाइट गेली तर जवळच्या मजल्याला नेऊन दार उघडणारी बॅटरीवरची सोय असते, ती कोटेशनमध्ये वेगळी दाखवतात आणि पैसे कमी करा म्हटलं की पहिली तीच काढतात. ती काढू देऊ नका.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते. टॉवर मोकळ्या जागेत येतो म्हणून शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात नगररचना विभागाकडे आर्किटेक्टमार्फत नकाशा, लिफ्टसाठी २०१७ च्या महाराष्ट्र लिफ्ट कायद्याखाली आधी उभारणीचा परवाना आणि तपासणी झाल्यावर चालवायचा परवाना, आणि महावितरणकडे थ्री फेजचा अर्ज. तिन्ही अर्ज एकाच आठवड्यात टाका, एकामागून एक केलेत तर वर्ष जातं.

तळमजल्यावरचे काका आणि पैसे

"आम्हाला लिफ्ट काय कामाची?" हा प्रश्न प्रत्येक बिल्डिंगमध्ये येणार, आणि तो चुकीचा नाही. आदर्श उपविधीप्रमाणे लिफ्टच्या देखभालीचा खर्च सगळ्या सभासदांवर सारखा असतो, वापरा न वापरा. पण नवीन लिफ्ट बसवायच्या भांडवली खर्चाची वाटणी सर्वसाधारण सभेत ठरवून घ्यावी लागते आणि तिथे कायद्याचं पुस्तक फेकून काही होत नाही, माणसाशी बोलावं लागतं. आम्ही असं केलं, सांगाड्याची दुरुस्ती, गळती, रॅम्प हे सगळ्यांवर सारखं, आणि लिफ्टचा हिस्सा मजल्याप्रमाणे चढता, तळमजल्याचा अगदी थोडा.

तरी काका अडून होते. मार्ग सुचला तो काकूंच्या बोलण्यातून. त्या सहज म्हणाल्या की गेली पाच वर्षं त्यांनी कुरडया केल्या नाहीत, कारण चीक शिजवून पातेलं घेऊन गच्चीपर्यंत चढवत नाही. मग आम्ही लिफ्टला गच्चीचाही थांबा घेतला. टॉवर उंच करावा लागला, खर्च वाढला, नकाशा पुन्हा द्यावा लागला, पण आता तळमजल्यासकट प्रत्येक घराला लिफ्टचा उपयोग आहे, आणि सासूबाई रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन बसतात. तुमच्याकडे जमत असेल तर हा थांबा नक्की घ्या.

सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठी साठवायचा सोसायटीचा निधी, बघा किती साठलाय, नियमानं तो फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला निदान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का जमा व्हायला पाहिजे, बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं शंभर-दोनशे रुपयेच घेतात. आजपासून नीट सुरू करा. ज्यांना एकदम भरणं शक्य नाही त्यांना हप्ते द्या, आमच्याकडे एका पेन्शनवाल्या आजींना आणि एका नुकतं लग्न झालेल्या जोडप्याला दिले, आणि कोणाला किती हप्ते ते नोटीस बोर्डावर लावलं नाही. आणि लिफ्ट होईपर्यंत दोन वर्षं जातात, तोवर अदलाबदल करता येते का बघा, तळमजल्यावर भाड्यानं राहणारी तरुण मुलं वर आणि वरचे आजी-आजोबा खाली. रीतसर भाडेकरार करून, दोन्ही घरमालकांच्या संमतीनं. आमच्याकडे एक अशी अदलाबदल झाली आणि ते आजोबा आता वर परत जायला तयार नाहीत.

घराच्या आत

घरात सगळ्यात आधी बाथरूम, पडझड तिथेच होते. जुन्या बाथरूमची दारं सव्वादोन फुटी असतात, व्हीलचेअर जात नाही, तीन फूट करता येतं का ते बाजूला कॉलम नाही याची खात्री करून बघा. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा, कारण माणूस आत दाराला टेकून पडला तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. कडी बाहेरूनही उघडणारी. कमोड साधारण दीड फूट उंच, शेजारी धरायचा दांडा, आणि तो दांडा म्हणजे टॉवेलचा रॉड नव्हे, माणसाचं अख्खं वजन घेईल असा. चार इंची विटेच्या भिंतीत साधे खिळे-स्क्रू धरत नाहीत, आरपार बोल्ट टाकून मागे पट्टी द्यावी लागते. लावल्यावर घरातल्या सगळ्यात वजनदार माणसानं त्याला लटकून बघा. रात्री खाटेपासून संडासापर्यंत खाली बारीक दिवे.

उंबऱ्याबद्दल. मेन दाराचा उंबरा काढायचा म्हटलं की घरात शांतता पसरते, मला माहितीय, सासूबाईच पहिल्या नाही म्हणाल्या, लक्ष्मी येते त्यावरून, हळदीकुंकू वाहते मी त्यावर. आम्ही लाकडी उंबरा काढून तिथेच फरशीच्या लेव्हलला काळ्या दगडाची पट्टी बसवली. दिवाळीला त्यावर रांगोळी, हळदीकुंकू सगळं होतं, आणि चाक अडत नाही.

वाडा आणि गंगाकाठ

जुन्या नाशकात, रविवार कारंजा, भद्रकाली, तिवंध्याकडे जे वाडे उरलेत तिथे लिफ्टचा विचार सहसा शक्य नाही, जिना एकदम उभा, माती-लाकडाच्या भिंती. तिथे वरच्या म्हाताऱ्या माणसाला खाली चौकालगतच्या खोलीत आणणं, त्याच खोलीला लागून संडास करणं आणि जोत्याला रॅम्प, एवढं केलंत तरी पुष्कळ. भाडेकरूंचा प्रश्न असेल तर मालक-भाडेकरू दोघांच्या सहीचं पत्र आधी करा. धोकादायक म्हणून नोटीस लागलेल्या वाड्यात मात्र माणसं ठेवूनच दुरुस्ती करू नका.

आणि गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, जवळ असाल तर नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला किती पाणी लागलं यावरून पूर मोजत ज्यांचं घर चालतं त्यांना मी काय सांगणार, २००८ आणि २०१९ चे दोन्ही पूर तुम्ही बघितलेत. पूररेषेत नवीन बांधकामाला बंधनं आहेत ती आधी तपासा, मीटर बोर्ड आणि लिफ्टचं कंट्रोल पॅनल वर घ्या, आणि गंगापूर धरणातून पाणी सोडल्याचं कळलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची जबाबदारी एका ठरलेल्या माणसाकडे द्या.

सगळं झालं की पुन्हा तोच खडू घेऊन, त्याच माणसाबरोबर, खाटेपासून रिक्षापर्यंत चाला. आमच्या दुसऱ्या फेरीत एकच फुली पडली, गेटबाहेरच्या गटारीच्या ढाप्यावर, तो रस्त्यापासून चार इंच वर आलाय आणि एका कोपऱ्यात तुटलाय. तो सोसायटीच्या हद्दीत नाही, त्यामुळे स्वतः फोडू नका, महापालिकेच्या विभागीय कार्यालयात अर्ज द्या, फुलीचा फोटो जोडा, खाली बिल्डिंगमधल्या ज्येष्ठांच्या सह्या घ्या आणि पोचपावतीवर तारीख-शिक्का घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका.